सासूबाईंचा बिगोनिया आणि मी

३ ऑक्टोबर
राजश्री आज मुंबईला गेली, लेकीच्या बाळंतपणाला. पडवीतल्या दोन बिगोनियांची जबाबदारी माझ्यावर. सासूबाई गेल्या त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी तिला एक दिला होता. राजश्री रोज सकाळी आधी त्याच्याशी बोलते, माझ्याशी चहानंतर. कुठला तो, मी कधी नीट पाहिलं नाही. मोठा तोच असणार. झाडाकडे बघून कळतं मला.
चिठ्ठी ठेवून गेलीय: माती सुकली तरच पाणी. ऊन नको. बाकी काही करू नका. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. अकरा माडांच्या बागायतदाराला चिठ्ठी! कमाल आहे.

५ ऑक्टोबर
सकाळी पाणी. संध्याकाळी पुन्हा पाणी. एवढ्या उकाड्यात मला दहादा तहान लागते, झाडाला लागणार नाही?

११ ऑक्टोबर
तीन पानं पिवळी. शेजारच्या धोंडूबाई कुंपणाच्या गडग्यावरून म्हणाल्या, पाणी जास्त होतंय. त्यांना काय कळतंय! ऊन कमी पडतंय. कुंड्या गच्चीवर नेल्या.

१४ ऑक्टोबर
पानं करपली. कुंड्या खाली आणताना कमरेत उसण भरली. याबद्दल चिठ्ठीत काहीही नव्हतं.
राजश्रीचा फोन. झाडं फर्स्ट क्लास म्हणून सांगितलं. ती म्हणाली, दाखवा. इथे नेट नाही म्हटलं. तेही चालू व्हिडिओ कॉलवर.

१७ ऑक्टोबर, सकाळी ९
सापडलं! मीठ!! माडाला आपण दरवर्षी घालतोच की. बिगोनियाला आजवर कोणी घातलं नाही, म्हणून तो बिचारा एवढासाच राहिला. नारळ उतरवायला पाडेली बाबल्या आला होता. म्हणाला, काका, फुलझाडास मीठ कोन घालीत नाय. त्याला गप माडावर चढायला सांगितलं. माडाला किलोच्या हिशेबात लागतं, म्हणून इथे कुंडीला फक्त दोन मुठी. प्रमाण कळायला अनुभव लागतो.

१९ ऑक्टोबर
सगळी पानं खाली. झाडं विश्रांती घेतायत.

२१ ऑक्टोबर
मोठ्याचा देठ हातात आला. लिबलिबीत. इथे कोण वाचतंय, खरं लिहितो: घाबरलोय. तिच्या आईच्या हातचं तेवढं एकच उरलं होतं. आज जेवण गेलं नाही. (थोडं गेलं.)

२७ ऑक्टोबर
शमिकाला मुलगी झाली! आजोबा झालो! राजश्रीने फोनवर बाळाचं वजन सांगितलं आणि लगेच बिगोनिया कसा आहे विचारलं. मी बाळाचं वजन पुन्हा विचारलं.

८ नोव्हेंबर
राजश्री आली. हवामान कसं बिघडलंय यावर मी बोलायचं ठरवून ठेवलं होतं. तिने पिशव्या टेकवल्या, कुंड्यांकडे पाहिलं आणि तडक धोंडूबाईंकडे गेली. वाटलं, रडायला गेली.
दहा मिनिटांनी परत आली ती कुंडी घेऊन. सासूबाईंचा बिगोनिया, फुलांनी नुसता भरलेला. जायच्या आदल्या दिवशीच तिकडे नेऊन ठेवला होता म्हणे. मग पडवीतले दोन कुठले, मी विचारलं. म्हणाली, हातखंब्याच्या नर्सरीतून आणले होते. तुम्ही काहीतरी करणारच. मग करायला काहीतरी नको का?
आधी जीव भांड्यात पडला. अपमान झाल्याचं चहा पिताना लक्षात आलं.