मोत्याच्या नावाचं चिकन

सारिके, आधी ऐकून घे, मग ओरड! तू कंपनीतून यायच्या आतच तुझ्या किरणची आई तुला बघायला हजर. गच्चीवर निखारे फुललेले, चिकनला दही-लसूण चोपडलेलं, आणि काकू म्हणतात, "अगं, आज गुरुवार, माझा उपास!" घाबरून मी बोलून गेले, "हे घरमालकांच्या मोत्यासाठी."

"कुत्र्यासाठी दही-लसूण लावून?" काकूंनी विचारलं.

 मी पटकन निखाऱ्यात रताळी भाजली. ती खाऊन काकू हसत म्हणाल्या, "राहते मी उद्यापर्यंत. मोत्याचं चिकन सूनबाईकडून भाजून घेऊन खाईन." सूनबाई म्हणाल्या गं! सुटलो!

काकू आणि मी लोणावळ्याच्या बाजारात कोळसा आणायला गेलोय. चिकन फ्रिजमध्ये आहे, हात लावू नकोस. खरं सांग, तू काय थाप मारली असतीस?

– समीक्षा