जगप्रवासी जीभ

४ फेब्रुवारी
सर्दी गेली एकदाची. किती दिवस नाक म्हणजे तुंबलेला नळ झालं होतं. आज मोकळा श्वास. बायको म्हणते, अजून आठवडाभर बाहेरचं खाऊ नका. तिला कोण सांगणार, बाहेरचं खाणं हे आता माझं काम आहे! साप्ताहिकाच्या संपादकांनी सदर पक्कं केलंय. नाव मीच सुचवलं: 'जग एका ताटात'. नव्या रस्त्यावर इटालियन, जपानी, इथिओपियन, कोरियन अशी एकेक हॉटेलं उघडलीत आणि आमचे लोक आत जाऊन विचारतात, फ्राइड राइस आहे का? त्यांना वाट दाखवायला कुणीतरी हवंच. संपादक म्हणाले, तुमच्यासारखा जाणकार आणि रिकामा माणूस दुसरा नाही. 'रिकामा' हा शब्द घाईत निघाला असावा.

दुसरी बातमी. लेक एप्रिलमध्ये स्वतःचं हॉटेल काढतेय. लेबनीज. चांगली मोठ्या हॉटेलच्या किचनमधली नोकरी सोडून. ती सोडली तेव्हा मी तिच्याशी महिनाभर बोललो नव्हतो. आज तिचाच फोन. म्हणाली, बाबा, मेनू ठरवताना चव बघाल का? तुमच्याइतकं खरं कुणी बोलत नाही. मी म्हटलं, बघतो, वेळ काढावा लागेल. फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, एवढं हसू कशाचं येतंय?

९ फेब्रुवारी
इटालियन. पिझ्झा. शुद्ध पुठ्ठा! टोमॅटो आंबट, चीज खारट, पुढे काहीच नाही. वर बेसिलची पानं होती. ती हिरवी होती, याहून जास्त त्यांच्याबद्दल लिहिता येणार नाही. बायको म्हणत होती, अहो, काय सुरेख वास सुटलाय. मी नुसता हसलो. वासावर भाळणाऱ्याने समीक्षेच्या वाटेला जाऊ नये. शेफला बाहेर बोलावून सांगितलं की पदार्थात जीव नाही. तो ऐकून घेऊन आत गेला तो पुन्हा बाहेर आलाच नाही. विचारात पडला असणार.

१४ फेब्रुवारी
लेख छापून आला. अर्धं पान! शीर्षक 'इटलीहून आलेला पुठ्ठा'. दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचत असताना बायको आंघोळ अर्धी टाकून ओल्या केसांनी धावत आली. गॅसवरचं दूध करपून कोळसा झालेलं. म्हणे, सगळं घर वासाने भरलंय आणि तुम्ही इथे हाताच्या अंतरावर ढिम्म! एकाग्रता म्हणजे काय, हे घरच्यांना कधी कळत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूसुद्धा विचारून गेल्या, काय जळलं म्हणून. लेखकाला शांतता मिळू द्यायची नाही असा बिल्डिंगने चंगच बांधलाय.

१९ फेब्रुवारी
जपानी. इथे मात्र मी हात जोडले. गार, मऊ, अबोल मासा. याला म्हणतात संयम. बाजूला वाटाण्याएवढी हिरवी चटणी होती, ती सगळी एकदम तोंडात टाकली. अहाहा! नाकातून निघाली ती थेट टाळूपर्यंत. डोळ्यांतून धारा लागल्या. वेटर पाणी घेऊन धावला, बायको पाठ थोपटत बसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच जेवताना काहीतरी घडलं. पाचपैकी पाच.

२६ फेब्रुवारी
इथिओपियन. इथे जेवण झाल्यावर कॉफीचे दाणे आपल्यासमोर भाजतात आणि धुरासकट तवा प्रत्येक टेबलाशी फिरवतात. माणसं डोळे मिटतात, हाताने धूर तोंडाकडे ओढतात, मग वा वा म्हणतात. मीही डोळे मिटले, हात हलवला, वा म्हटलं. खरं सांगायचं तर काही नव्हतं तव्यात. शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी. लोकांना काय, कुणी वा म्हटलं की वा. तव्यावाल्या मुलीला बाजूला घेऊन समजावलं की दाणे शिळे आहेत, बदल. ती म्हणाली, सकाळीच आलेत. खोटं बोलताना हल्ली कुणी कचरत नाही.

५ मार्च
सदर पाव पानावर आलं. संपादक म्हणतात, जागेची अडचण आहे. इटालियनवाल्याचा फोन येऊन गेला, तव्यावाल्या मुलीच्या मालकाचाही. म्हणजे लेखणी लागतेय. शिवाय कमी शब्दांत मोठं लिहिणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून जागा मुद्दाम कमी केली असेल.

संध्याकाळी कोरियन. आंबवलेला तिखटजाळ कोबी. घाम, कानात शिट्ट्या, जीभ सोलून निघाली. या रस्त्यावरचं एकमेव प्रामाणिक स्वयंपाकघर! लिहिलं की सहकुटुंब जा, लहान मुलांनाही घेऊन जा.

१२ मार्च
कोरियनवर वाचकांची पत्रं. संपादक म्हणाले, इथून पुढे लहान मुलांचा उल्लेख करू नका.

बायको विचित्र वागतेय. सकाळी पेपर वाचताना कप हातात दिला. मी म्हटलं, चहा आज फक्कड झालाय. ती म्हणाली, कॉफी आहे. मी म्हटलं, मग कॉफी फक्कड झालीय. तेव्हापासून डॉक्टरकडे चला म्हणून हात धुवून मागे लागलीय. एका कपावरून! ती हल्ली सगळंच इतकं कडक करते की चहा कुठे संपतो आणि कॉफी कुठे सुरू होते, ब्रह्मदेवाला कळणार नाही.

१८ मार्च
लेक आली. टेबलावर वाट्या मांडल्या. तिच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग आहेत. मी चष्मा पुसला, पाणी प्यायलो, सुरुवात केली. भाजलेल्या वांग्याचं डिप हा म्हणे तिच्या मेनूचा कणा, गिऱ्हाईक त्यासाठीच परत येणार. एक चमचा घेतला. मऊ, गार, लिंबू बरं. पण धूर? धूर कुठाय? तसं सांगितलं. ती आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, मला तर छान लागतोय. मी म्हटलं, तुला छान लागतोच गं, प्रश्न जगाचा आहे. लेकीने वाटी उचलली. मग म्हणाली, ठीक आहे बाबा, परत करते.

बापाच्या शब्दाला एवढी किंमत! जेवण गेलं नाही, इतकं बरं वाटलं.

२२ मार्च
पुन्हा वांगं. धूर कमी. बायकोला मात्र ठसका लागला. ती हल्ली फार नाजूक झालीय.

२५ मार्च
पुन्हा. किंचित सुधारणा, पण अजून कमीच. लेकीचे डोळे सुजलेले. म्हणाली, ज्या ज्या मैत्रिणीला चाखवलं ती म्हणते राख खाल्ल्यासारखं लागतं. मी सांगितलं, मैत्रिणी मन राखतात, बाप राखत नाही. उद्घाटनाला दोन आठवडे उरलेत आणि माझ्यामुळे तिला रात्रीची झोप नाही. पण पुढे आयुष्यभर नाव घेईल.

२८ मार्च
आज तिच्या हॉटेलातच गेलो. भिंतींना नवा रंग, खुर्च्या अजून प्लास्टिकमध्ये. आत लेक वांगी भाजत होती, मी बाहेर चमचा घेऊन तयार. धूर दिसायला बराच दिसत होता, पण चवीत उतरत नव्हता. मी आतल्या आत ओरडून सांगत होतो, अजून, अजून! तेवढ्यात शेजारचा कापडदुकानदार आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन घुसला. त्याच्यामागे आणखी दोघं बादल्या घेऊन. मी म्हटलं, गडबड करू नका, टेस्टिंग चालू आहे.

लेक खोकत बाहेर आली आणि किंचाळली. माझ्या खुर्चीच्या पाठीला लटकवलेलं फडकं जळत होतं म्हणे. स्टोव्हची ठिणगी उडाली असेल. तिने बादली ओतली, ती फडक्यावर आणि माझ्यावरही. मग माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हळू आवाजात विचारलं, बाबा, खरं सांगा, हा वास आला नाही तुम्हाला? मी म्हटलं, मी चवीत गुंतलो होतो. ती उठली आणि आईला फोन लावला.

३० मार्च
मायलेकींनी धरूनच नेलं. डॉक्टर पोरगेलासा. डोळे मिटायला लावले, एकेक बाटली नाकाशी धरली. मी तिन्ही उत्तरं बेधडक दिली: गुलाब, वेलची, संत्रं. निघाली कॉफी, लवंग आणि डांबरगोळी. म्हणाला, त्या सर्दीत वासाची नस दुखावलीय. तोंडात आंबट, खारट, तिखट तेवढं कळत असेल, बाकी चव सगळी नाकाची. कदाचित परत येईल, कदाचित नाही. मी विचारलं, तुमचा अनुभव किती? बायकोने पायावर पाय दिला.

लेकीने सगळी वांगी फेकली आणि पहिल्या दिवशी केलं होतं तसं परत करायला घेतलं. मला एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. इतके दिवस पोरीला नुसतं दमवलं मी.

अर्थात नाक हा जिभेचा नुसता शेजारी. शेजाऱ्याच्या आजारपणाचं साप्ताहिकाला कळवायची गरज नाही.

८ एप्रिल
उद्घाटन! गर्दी मावेना. मी दाराशीच रेंगाळत होतो, आत जावं की नको. तेवढ्यात लेक स्वतः आली, हात धरून आत घेऊन गेली आणि मागच्या भिंतीला टेकून असलेलं टेबल दाखवलं. वर 'राखीव' अशी पाटी. म्हणाली, बाबा, हे तुमचं, रोज येऊन बसा. म्हणजे झालं गेलं सगळं विसरली! पोरगी माझ्यावर गेलीय, मनाची मोठी.

११ एप्रिल
रोज जातो. टेबलाचा दरारा बघण्यासारखा आहे. इतर टेबलांसाठी रांग, माझ्याकडे कुणी फिरकत नाही. काल एक गृहस्थ चुकून समोर बसले, माझ्याकडे पाहिलं आणि तसेच उठले. एक बाई जवळून जाताना ओढणी तोंडाला लावून झपझप गेल्या. साप्ताहिकातला फोटो ओळखला असणार.

सदर आता शब्दकोड्याच्या खाली, चौकटीत. शब्दकोडं सगळे सोडवतात, त्यामुळे जागा मोक्याची.

१५ एप्रिल
आज चार माणसं बाहेर ताटकळत होती. वेटर त्यांना सांगत होता, ते मागचं टेबल देता येत नाही. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. धंद्याच्या पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक थांबवते, पण बापाची जागा देत नाही! ऊर भरून आला. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, शर्ट काढा आणि सरळ धुवायला टाका.

१९ एप्रिल
दुपारी गेलो तर माझं टेबल बाजूला सरकवलेलं आणि मागची फरशी उचकटलेली. प्लंबर नाकातोंडाला फडकं बांधून काम करत होता. मैल्याचा पाइप फुटलाय म्हणे, उद्घाटनाच्या दिवसापासून. दुसऱ्या कामात अडकलो होतो, आज सवड मिळाली, म्हणाला. मग विचारलं, काका, त्या टेबलावर कुणी बसत होतं का? मी म्हटलं, मी. रोज. जेवायला. त्याने मला नीट बघायला म्हणून तोंडावरचं फडकं काढलं आणि लगेच परत बांधलं.

लेकीला विचारलं. तिने मान खाली घातली. म्हणाली, बाबा, तिथे कुणी बसेना. टेबल रिकामं दिसलं की बाहेरचे लोक आत यायला बिचकतात. आणि तुम्हाला तसाही...  मग म्हणाली, पण तुम्ही रोज यायचात ते मला बरं वाटायचं. खोटं नाही बोलत.

मी म्हटलं, मला पहिल्या दिवसापासून अंदाज होता.

२० एप्रिल
सवयीने गेलो. पाटी नाही. माझ्या टेबलावर चौघांचं कुटुंब बसलेलं, आई, वडील, दोन मुली. वांग्याची वाटी पावाने पुसून खात होते. धाकटी वाटीत बोट फिरवत होती, तिला कुणी रागवत नव्हतं. लेक हात पुसत आली आणि म्हणाली, बाबा, आज फुल आहे हो, डबा भरून देते. तिचा चेहरा इतका उजळला होता की रुसायचं राहून गेलं. डबा घेऊन चालत घरी आलो.

बायकोने दोन ताटल्या घेतल्या. मी खाल्लं. मऊ. लिंबू. मीठ बेताचं. पुढे नुसता अंधार. पोरीने हात भाजून घेऊन केलेलं, अख्खं हॉटेल बोटं चाटतंय, आणि बापाला कळत नाही ते कसं झालंय. घास फिरायला लागला. म्हटलं, मला चव लागत नाही गं. कशाचीच. बायको म्हणाली, ठाऊक आहे, तुम्ही कधी म्हणताय याची वाट बघत होते. मी म्हटलं, मग तू सांग ना, कसं झालंय?

ती सावकाश खात सांगत गेली. आधी लिंबू, मग लसूण, पण उग्र नाही, भाजून गोड झालेला. धूर लगेच येत नाही, घास खाली गेला की मागून हळूच येतो आणि थोडा वेळ थांबतो. म्हणाली, पोरीने जिंकलं हो.  मी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि दुसऱ्यांदा ती सांगत असताना लिहून घेतलं. बायकोची भाषा साधी आहे, पण थोडा हात फिरवला तर माझी शैली उतरेल.

तिने विचारलं, लेखाखाली नाव कुणाचं? म्हटलं, दमलीस तू आज, झोप आता.