तार उचलली

आबा,

तुमची खुर्ची घरात परत आली. पहिलं वाक्य हेच लिहायचं, असं मी सकाळपासून घोकत होते. माझ्या लेकीची लेक, म्हणजे तुमची पणती, पंचायत समितीची सभापती झाली. गल्लीत पेढे वाटता वाटता दोन मीच खाल्ले, शुगरच्या गोळ्या चालू असून. लेक ओरडली, "आई, मरायचंय का?" म्हटलं, "आजच्या दिवशी मेले तरी गोड तोंडानं मरीन." आनंदानं मला काही सुचत नाही. सकाळी चहात मीठ टाकलं, आणि जावयांनी तो मुकाट्यानं पिला. लय गरीब माणूस. असो. उद्या पोरीची पहिली सभा आहे. सदस्य विचारणार आणि तिनं उत्तरं द्यायची. अंगणवाडी, लाईट, रस्ता. प्रश्न तेच आहेत आबा, विचारणारे तेवढे नवे. ती ओसरीवर कागद पसरून बसलीय. मघाशी म्हणाली, "आजी, तुझे आबा सभेत कसे बोलायचे गं?" मी म्हणाले, "लय झ्याक." तेवढंच म्हणाले आणि आत येऊन ही वही उघडली. माझी शाळा दुसरीपर्यंतची, अक्षर कोंबडीच्या पायावानी. ऱ्हस्व-दीर्घाचं तुम्ही काही मनावर घेऊ नका.

तुम्ही कसे बोलायचे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? जिल्ह्याच्या उत्तरेकडचा आपला तालुका सगळा काळ्या रानाचा. पाऊस झाला की गाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं, विजेचे खांब दारूड्यावानी कलायचे. तुम्ही सभापती झालात तरी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून गावोगाव हिंडायचात. साहेबानं लिहून दिलेलं उत्तर तुम्ही सभेत कधी वाचलं नाही. "कागूद राहू द्या, कुणी बघितलंय ते सांगा," असं विचारायचात. स्वतः बघितलेलं, नाहीतर घरच्या माणसानं बघितलेलंच बोलायचात. गावोगाव तुमच्या शब्दाला मान होता तो त्यामुळं.

मी तेव्हा कपाळ पांढरं करून माहेरी आलेली, पदरात चार वर्षांची लेक. तुम्ही बालवाडी सुरू केली आणि मला तिथं मदतनीस लावलं. खोली मुद्दाम गाव आणि बौद्धवस्तीच्या मधोमध, पत्र्याची. दोन्हीकडच्या लेकरांना सारखं अंतर पडावं म्हणून तुम्ही ते पावलांनी मोजलं होतं. मी चुलीवर गुळाची लापशी शिजवायची, बाई गाणी म्हणायच्या, आणि पोत्यांवर कुणाचं लेकरू कुणाला खेटून बसलंय ते लेकरांना कळायचं नाही. मोठ्यांना मात्र कळायचं. ती नामांतराची वर्षं होती. कुठं काय जळालं याच्या बातम्या एसटीबरोबर यायच्या, आणि एसटी आली नाही तर अजून मोठी बातमी आहे असं समजायचं. विहिरीवर मी गेले की बाया बोलायच्या थांबायच्या. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "तुझ्या बापानं सगळी एका परातीत कालवलीत."

त्यातच ती तार. वस्तीकडं लाईट नेली तेव्हा खांब लांब लांब रोवले होते. परतीचा पाऊस झाला, खांब कलला आणि तार बालवाडीच्या पत्र्यावर हातभर अंतरावर आली. आभाळ भरून आलं की ती गुणगुणायची. मी अर्ज करा म्हटलं, तुम्ही केला. वायरमन आला, त्यानं चहा घेतला, सगळीकडं बघितलं आणि बाभळीचं वाळलेलं एक लांब बेळकं शोधून आणलं. दोन फांद्यांच्या खोबणीत तार अडकवली, बुडखा एका भिंतीलगत जमिनीत टेकवला आणि तार वर ढकलली. गावात सगळे तसंच करायचे, शेतातल्या तारांना तर असे कितीतरी टेकू. मी विचारलं, "दादा, ह्ये किती दिवस?" तर म्हणाला, "अक्का, वाळलेलं लाकूड हाय, करंट उतरत न्हाई. नवा खांब आला की बघू." मी म्हटलं, "आन् भिजलं तर?" तो सायकलवर बसता बसता हसला, "भिजू देऊ नका मंग."

दुसऱ्या दिवसापासून मी रोज आधी ते बेळकं बघायची, मग चूल पेटवायची. काळ्या मातीत त्याचा बुडखा बोटबोटभर खाली जायचा. मी खाली दगड सरकवला, तर दगड घेऊन खाली गेलं.

सभेच्या दिवशी तुम्ही चुलीपुढं भाकरी खात होतात. तुमचा गुडघा सुजलेला, पंधरा दिवस तुम्ही बालवाडीकडं फिरकला नव्हतात. ताटातनं वर न बघता विचारलंत, "ती तार उचलली का गं?" मी तव्यावरची भाकरी उलटत म्हटलं, "उचलली."

खोटं नव्हतं आबा. आणि खरंही नव्हतं. तार धोक्याची आहे असं सभेत निघालं की बालवाडी गावात हलवायला सदस्य टपलेलेच होते, मंदिराशेजारी. तिथं वस्तीवरची लेकरं कशी येतील?

सभेला तुमचं पाणी आणि औषध घेऊन मी दाराशी बसलेय. फेटेवाले एक सदस्य उठतात, "सभापती, आमच्या रस्त्यावर खडी टाकून दोन वरसं झाली. आता तिच्यावर गवत उगवलंय." तुम्ही म्हणता, "म्हंजी खडी जाग्यावर हाय. चोरीला गेली न्हाई, एवढं तरी लिहून घ्या." सगळे हसतात. मग कुणी लाईटचं काढतं, "नव्या नवरीवानी तोंड दाखवती आन् आत जाती." परत हशा. मग तेच फेटेवाले पुन्हा उठतात, आणि आता कुणी हसत नाही. "बालवाडीवर तार लोंबतीय. लेकरं मेल्यावर हलवणार का? मंदिरापाशी जागा हाय, उद्याच न्या." तुम्ही माझ्याकडं बघता. मी मान हलवते. तुम्ही उभं राहून, टेबलावर हात टेकून म्हणता, "तार उचलली हाय. बालवाडी हाय तिथंच ऱ्हाईल."

चार दिवसांनी परभणीकडून काहीतरी बातमी आली आणि गाव बंद झालं. कुणी लेकरू घराबाहेर काढलं नाही, बालवाडीला कुलूप. दुपारी वारं सुटलं आणि पावसाचा सडाका आला. मी डोक्यावर पोतं घेऊन पळत गेले. बेळकं आडवं पडलेलं, तार पत्र्यावर, आणि पत्रा भाजल्यावानी तडतडतोय. धनगराच्या म्हातारीच्या दोन शेळ्या पावसात आडोशाला त्याच भिंतीशी उभ्या राहिल्या होत्या. त्या तिथंच पाय ताणून पडलेल्या. म्हातारी त्यांच्याकडं धावली, तिला मी झोंबून मागं ओढलं. तिनं माझ्या हाताला चावा घेतला. ज्या भिंतीशी शेळ्या होत्या, तिच्या आतल्या बाजूला एरवी लेकरं टेकून बसायची.

पुढच्या सभेत तुम्ही उभं राहिलात. म्हणालात, "चूक माझी. मी न बघता बोललो." कुणाचं नाव घेतलं नाहीत, आणि खुर्ची सोडलीत. आठ दिवसांत बालवाडी मंदिराशेजारी गेली. वस्तीवरचं एकही लेकरू आलं नाही. मी लापशी जास्तीची शिजवून रोज वाट बघायची, मग कमी शिजवायला लागले. त्यानंतर तुम्ही पाच वर्षं जगलात. रोज माझ्या हातची भाकरी खाल्लीत, आणि तारेचं एका शब्दानं विचारलं नाहीत. मी मात्र रोज त्या शब्दाची वाट बघायची. कसं सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं: वस्तीच्या लेकरांसाठी बोलले, आबा. तुम्हाला ते पटलं असतं. लोकांनाही पटतं. लेकीला मी तेवढंच सांगितलंय, नातीलाही उद्या सभेला जाताना तेवढंच सांगेन.

हे पान मात्र तिला दाखवणार नाही. फाडून चुलीत घालावं म्हटलं तर आता घरात गॅस आहे. डाळीच्या डब्याखाली ठेवते.

वायरमन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीच, बाईंच्याही नकळत, मी माझ्या लेकीचं बसायचं पोतं त्या भिंतीपासून काढून पलीकडच्या कोपऱ्यात टाकलं होतं. बाकीची तिथंच राहू दिली.