मशीनला लावलेलं हळदकुंकू

मंगळवार, मार्गशीर्ष, १९७१

सुनेची, शांताची, नवी शिलाई मशीन दोन दिवस अडून बसलेली. चाक फिरे, पण टाका पडेना. तिनं दोरा बदलला, तेल घातलं. तिचा नवरा, आमचा दत्तू, म्हणाला, "उद्या नेवाशाच्या दुकानात परत देऊन येतो." पोरीचं तोंडच उतरलं.

आज तिनं सुईखालची झाकणी सरकवली, तर आत तेलात कालवलेलं हळदकुंकू! मशीन घरी आली तेव्हा तिची पूजा मीच केली होती, सढळ हातानं, फटीफटीतून. आता ही बोलणार, म्हणून मी जीभ परजून बसले. तिनं गुपचूप फडक्यानं पुसलं नि नवऱ्याला म्हणाली, "माझंच चुकलं, सुई उलटी बसवली हुती."

का म्हणाली असं? मी तर हिला रोज घालूनपाडून बोलते. माझ्यासाठी खोटं बोलणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.