भगदाडाचा फोटो

४ जुलै, शुक्रवार
आईचं पुन्हा तेच! भिंत, भिंत, भिंत! फोनवर दुसरं बोलणं नाही. अगं, किती वेळा सांगू — विटा लावू नकोस. समुद्राने स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला भगदाड पाडलं, तोच आपला पुरावा. चष्मेवाले साहेब — इथे छापखान्यात मी ज्या पेपरचे गठ्ठे बांधतो, त्याच्या पुरवणीत लिहितात ते — स्वतः म्हणाले, "समुद्र वाढतोय, समुद्र वाढतोय, हे वाचून लोक कंटाळलेत. मला एक घर दाखव." मी दाखवलं. आपलंच! पेपरचा गावाकडचा फोटोवाला येईपर्यंत हात लावू नका म्हणाले. एकदा छापून आलं की सरकारला उंचावर जागा द्यावीच लागेल. सगळ्या आळीला.
आई म्हणते, "तुझे साहेब येऊन माझी भांडी कोरडी करणार का?"
मी फोन ठेवला. ठेवायला नको होता.

५ जुलै
बाबांनी आणलेल्या विटा आईने शेजाऱ्यांना देऊन टाकल्या. माझं ऐकलं! पहिल्यांदाच.

११ जुलै, शुक्रवार
रविवारची पुरवणी आम्ही शुक्रवारीच छापतो, म्हणून मला जगाच्या आधी कळतं. बोट ठेवून ठेवून सगळे मथळे वाचले. नाही आलं. आमच्या जागेवर एका नटीचं लग्न — दोन पानं!
मशीनवाले काका म्हणाले, "समुद्राला म्हणावं, लग्न कर बाबा. फोटोसकट येशील."
मीपण हसलो. मग गठ्ठे बांधताना सुतळीने बोट कापून घेतलं.

१४ जुलै
साहेबांना जिन्यात गाठलं. माणूस वाईट नाही, स्वतःचा अर्धा चहा मला दिला. म्हणाले, "मी रोज भांडतोय रे वर. पण संपादक विचारतात, गेलं कोण? मी म्हटलं, कोणी नाही. मग म्हणाले, घाई काय आहे?"
मी म्हटलं, साहेब, अमावास्येला उधाण येतं. ते म्हणाले, "बघतो."

१८ जुलै, शुक्रवार
नाही. मोबाईलची जाहिरात.
आईला सांगितलं, पुढच्या शुक्रवारी नक्की. मला कोणी नक्की सांगितलेलं नाही! वाटलं, आता भांडेल. भांडली नाही. म्हणाली, "बरं. भगदाडाला चादर लावलीय. फोटोवाले आले की काढते."
भांडली असती तर बरं झालं असतं.

२० जुलै
रात्रपाळीच्या पोराने विचारलं, तुमचं घर कुठंय? मी म्हटलं, छापून येईल तेव्हा वाच.
उगाच बोललो.

२३ जुलै
ताईचा फोन. उधाण एक दिवस आधीच चढलं. भगदाडापासून भिंत सुटली, वरचं छप्परही खाली आलं. बाबा बाहेर होते. आई भांडी काढायला आत गेली होती. पुढचं मी विचारलं नाही.

२५ जुलै, शुक्रवार
आलं. पूर्ण पान, रंगीत. फोटोवाला कालच पोहोचला — मला गावी पोहोचायला चार दिवस लागतात, आईला अग्नी द्यायला तोवर कोण थांबणार! काकांनी मशीन थांबवून पहिला अंक माझ्या हातात दिला. साहेबांनी आईचं नाव बरोबर लिहिलंय. वय दोन वर्षांनी जास्त पडलंय.
बाबांना आठ हजार सहाशे रुपये पाठवतोय, साठले होते तेवढे.