वरच्या मजल्याचा काटा

मी, सुहासिनी पंढरीनाथ गाडेकर, मूळची सासवडची, हल्ली मुक्काम त्सुकुबा, जपान, मुलगा गुणवंत याच्या घरी. अक्षरओळख नाही, अक्कल शाबूत आहे. कुणी दटावलेलं नाही, तशी कुणाची हिंमतही नाही. मी सांगते, सून वीणा लिहिते. तिने माझी वाक्यं सुधारू नयेत.

सासवडची दोन खोल्यांची जागा गुणवंतला.

तांब्याचा बंब नात कस्तुरीला. ती माझ्याशी जपानीत बोलते, मी तिच्याशी मराठीत, आणि आमचं भांडण व्यवस्थित होतं. बंबाचं झाकण दीर दिगंबर यांनी नेलं ते परत आलंच नाही. मागू नये. रोज बघून लाज वाटू दे.

आता ज्यासाठी घाई केली ते कलम. या घरात खालचा हीटर वेगळा, वरचा वेगळा. दोन्ही मजल्यांवर भिंतीला एकेक चकती, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. मला आकडे कळत नाहीत, म्हणून आमच्या ह्यांनी दोन्हींवर कुंकवाचं बोट टेकवलं: काटा इथे आला की झालं. ह्यांना थंडी सोसत नसे. गेल्या हिवाळ्यात वरच्या खोलीतच ते गेले.

गुणवंत म्हणतो, ऊब आपोआप जिना चढते, म्हणून वरचा काटा खाली ठेवायचा; आणि आता खोली रिकामीच, तेव्हा पुढच्या महिन्यापासून वरचा हीटर कायमचा बंद. शास्त्र बरोबर आहे. जन्मभर बंब पेटवलेल्या बाईला ते शिकवायला नको होतं.

तो संध्याकाळी काटा खाली करतो. सकाळी काटा पुन्हा कुंकवावर. त्याला वाटतं, आईच. माझ्या गुडघ्यांनी दिवाळीपासून जिना पाहिलेला नाही. मी गप्प राहिले, कारण सासऱ्यांसाठी वीणाच गुपचूप वर जाते हे मी ओळखलं होतं. म्हणून माझ्या पाटल्या तिला.

इथे वीणाचं पेन थांबलं. म्हणाली, "आई, मी नाही हो. मला वाटायचं, तुम्हीच कशाबशा चढता."

कस्तुरीचा हात तिथवर पोचत नाही. आम्ही दोघी जरा वेळ छताकडे बघत बसलो. मग मी म्हटलं, लिही. पाटल्या तुलाच.

माझी इच्छा अशी: मी आहे तोवर वरचा हीटर चालू राहावा, गुणवंतने काट्याला हात लावू नये, कुंकू कुणी पुसू नये. मी गेल्यावर काटा खुशाल खाली आणावा. एकट्याला थंडी जास्त वाजते, दोघांचं भागेल. त्यानंतरही काटा वर गेलेला दिसला, तर ह्यांनी गोधडी स्वतःकडे ओढून घेतली असं समजावं आणि आमच्या मध्ये पडू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. ऐकला, पटला, अंगठा उठवला.

सुहासिनी पंढरीनाथ गाडेकर (अंगठा)

आमच्यासमक्ष, खालच्या मजल्यावर:
प्रल्हाद भानुदास शिर्के (सही)
नयना प्रल्हाद शिर्के (सही)

त्सुकुबा, १९ जानेवारी १९९७