नंबर द्या!

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या धाकट्या बहिणीच्या धाकट्या मुलीचा (म्हणजे माझाच, पण परदेशातून लिहिताना ओळख पूर्ण द्यावीशी वाटते) साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम खरंच करतेस, की त्यांना सांगण्यापुरता? आईचा फोन आला तर मी वेळेवर जेवते असं सांग. काका ठणठणीत आहेत. भूक उत्तम, झोप उत्तम, आणि आवाज तर इतका उत्तम की नदीपलीकडची झोपलेली कुत्री उठून बसतात. निघताना तू मला जिन्यात गाठून म्हणाली होतीस, यांच्याकडे लक्ष ठेव आणि मला सविस्तर लिही, फोनवर हे शेजारीच उभे असतात. म्हणून हे सविस्तर. पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवते आहे, तेव्हा आधी चष्मा शोध. (तो फ्रिजवर असेल.)

आमची टीम तुला माहीतच आहे. चार वल्ही मारणारे आणि पाचवी मी, कॉक्स, म्हणजे सुकाणू धरून ओरडणारी. चौघांची तोंडं मागे आणि माझं एकटीचं पुढे, त्यामुळे बोट कुठे चालली आहे हे फक्त मला दिसतं आणि कुठे धडकली की शिव्याही फक्त मलाच पडतात. कॉक्सचं वजन नियमानं ठरलेलं असतं. मी नऊ किलो कमी भरते, म्हणून माझ्या पायाशी नऊ किलो वाळूची पिशवी ठेवतात. (एक नंबर तिला माझी जुळी बहीण म्हणतो आणि ती माझ्यापेक्षा समंजस आहे असंही म्हणतो.) बोटीत आम्हाला नावं नसतात, बसायच्या जागेवरून एक, दोन, तीन, चार. बोट सुटण्याआधी काका गरजतात, ‘नंबर द्या!’ की आम्ही एका टोकाकडून ओळीनं आपापला नंबर ओरडायचा, म्हणजे सगळे तयार. कॉक्सनं नंबर द्यायची खरं तर रीत नाही. पहिल्या वर्षी मी बोटीत असूनही काठावरून कुणाला दिसत नसे, तेव्हापासून काकांनी माझ्यासाठी ‘पाच’ सुरू केलं. घरी ते काका आणि कॉलेजात आमचे प्रशिक्षक, म्हणून सर, हे मी तीन वर्षं काटेकोर पाळलं आहे. या पत्रात मात्र माझ्याच्यानं ते जमेल असं वाटत नाही.

तर इथे शर्यतींसाठी आल्यापासून काकांनी ‘नंबर द्या’चा धडाकाच लावला. विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशी नंबर, बसमध्ये नंबर, बसमधून उतरलो की नंबर (मधल्या वेळात धावत्या बसमधून कोण कुठे जाणार होतं?). हॉस्टेलच्या न्याहारीच्या खोलीत पहिल्या सकाळी आम्ही एक ते पाच असे खणखणीत ओरडलो, तेव्हा कोपऱ्यातलं म्हातारं जोडपं आग लागली समजून अंडी तशीच टाकून बाहेर अंगणात जाऊन उभं राहिलं. त्यांना परत आणायला दोन नंबरला पाठवावं लागलं. दोन नंबर अख्ख्या दिवसात चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन त्या दिवशी तिथेच खर्च झाली. आम्हाला वाटलं, परदेशात पोरं हरवतील म्हणून काकांनी धसका घेतलाय. आम्ही त्यांच्या मागे नक्कलही करायचो, आता लिहिताना लाज वाटते.

प्रेक्षणीय स्थळं पाहिलीस का, असं तू विचारशीलच. पाहिली. कुलपांचं संग्रहालय पाहिलं. चार मजली इमारत, आणि चारही मजल्यांवर नुसती कुलपं. काकांना ते भलतंच आवडलं. एका पेटीचं कुलूप होतं, त्याला सात किल्ल्या एकाच वेळी लागतात आणि त्या सात जणांनी सांभाळायच्या. त्याच्यासमोर ते किती तरी वेळ उभे होते. दुसऱ्या दिवशी सराव लवकर संपला तेव्हा काकांनी हात चोळत सांगितलं की चला, आज तुम्हाला एक मजा दाखवतो, असं संग्रहालय तुम्ही जन्मात पाहिलं नसेल. आम्ही रस्त्यात एकमेकांकडे पाहत राहिलो आणि त्याच दारातून आत गेलो. थट्टा असेल असं वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा हात चोळत. (तीन नंबरनं तोवर कुलपांचे दोनशे फोटो काढले होते आणि एक नंबरला जिन्याच्या पायऱ्या पाठ झाल्या होत्या.) तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंनी त्या दिवशी तिकिटं फाडलीच नाहीत. त्या उठून बाहेर आल्या, दार उघडून धरलं आणि काकांकडे बघून असं हसल्या, की त्या पूर्वी घरच्या कुणाकडे तरी असं हसलेल्या असाव्यात. सात किल्ल्यांच्या कुलपाशी काका तितकेच चकित झाले. आम्हीही झालो, म्हणजे होऊन दाखवलं. चार नंबर, जो शर्यतीखेरीज कशालाच वेळ देत नाही आणि दुसऱ्या दिवशी कुरकुरत होता, तो त्या दिवशी सगळ्यात जास्त चकित झाला.

मावशी, आता सांगूनच टाकते. काका विसरायला लागले आहेत. चष्मा नि किल्ल्या विसरतात तसं नाही, माणसं विसरायला लागले आहेत. हे वाक्य मी चार वेळा खोडलं, तरी ते तसंच राहिलं.

पहिल्या शर्यतीच्या दिवशी ते उघडकीस आलं. इथे नदीच्या काठानं सायकलचा रस्ता आहे आणि प्रशिक्षक सायकलवरून आपापल्या बोटीबरोबर ओरडत जातात. काकांना भाड्याची सायकल मिळाली, तिची सीट उंच होती, पण तुला माहीत आहेच, त्यांनी ती खाली करून घेतली नाही. बोटी सुटल्या. काकांचा आवाज आला आणि मला धीर आला. मग तो आवाज पुढे जायला लागला. आम्ही मागे आणि आवाज पुढे! आमच्या शेजारच्या बोटीचेही बनियन निळे होते, आणि काका त्यांच्याबरोबर चालले होते, त्यांना पाठ सरळ ठेवायला सांगत, घाई करू नका म्हणत, शाब्बास माझ्या वाघांनो म्हणत. त्या पोरांना मराठीचं एक अक्षर कळत नसणार. ती जिंकली. काठावर येऊन त्यांनी काकांना मिठ्या मारल्या आणि त्यांच्या डोक्यावर आपली टोपी घातली. आम्ही चौथे आलो.

ती टोपी घालूनच काका आमच्याकडे आले, चेहरा नुसता फुललेला. आम्ही बोट खांद्यावर घेऊन ठिबकत उभे होतो. आमच्याकडे बघून त्यांनी अगदी अदबीनं विचारलं, “तुमची कुठली टीम?”

चार नंबरचा चेहरा रागानं लाल झाला होता (तीन वर्षं तो या शर्यतीसाठी पहाटे उठला आहे), तो आता काहीतरी तोडून बोलणार अशी माझी खात्री झाली. तेवढ्यात बोटीच्या दुसऱ्या टोकाकडून एक नंबर हळूच ‘एक’ म्हणाला. मग ‘दोन’. मग ‘तीन’. चार नंबरनं जरा वेळ घेतला, पण म्हणाला. मग मी ‘पाच’ म्हटलं. आणि मावशी, काकांचा चेहरा परत आला. मला दुसऱ्या शब्दांत नाही सांगता येत. “अरे, तुम्ही होय! इतका वेळ होतात कुठे?” असं म्हणून त्यांनी ती टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. ती माझ्या नाकापर्यंत आली, त्यावर सगळे हसले, आणि हसताहसता मला कळलं की न्याहारीला, बसमध्ये, रस्त्यात ते आमची मोजदाद करत नव्हते. आम्ही कोण, हे विचारत होते.

हरलेल्यांना दुसऱ्या दिवशी आणखी एक संधी असते, पहिले दोन आले की अंतिम फेरीत. बोटी ठेवायच्या शेडमध्ये आम्ही पाच जण पालथ्या बोटीवर बसलो. काकांना काठावर येऊच द्यायचं नाही, थंडीचं निमित्त सांगून खोलीत बसवायचं, अशी सूचना मी केली. सख्खी भाची असून केली, ती मीच केली, हे तुला कळावं. ती खोडून काढली चार नंबरनं. तो म्हणाला, शर्यत सुटल्यापासून संपेपर्यंत नंबर देत राहायचं, म्हणजे सरांना आपली बोट सापडेल. एक नंबर म्हणाला, दम कुठून आणणार? चार नंबर म्हणाला, जिथून आणतोस तिथूनच.

असली शर्यत त्या नदीनं पाहिली नसेल. प्रत्येक फटक्याला एक नंबर. एक, दोन, तीन, चार, पाच, पुन्हा एक. शेजारच्या बोटीचा कॉक्स सुकाणू सोडून आमच्याकडे बघत राहिला आणि वाकडा गेला. काका काठावरून बरोब्बर आमच्याबरोबर येत होते, सायकल डुगडुगत, मान आमच्याकडे, आणि समोरून येणारी माणसं गवतात उड्या मारत होती. अर्ध्यावर आम्ही दुसरे होतो. शेवटच्या पाचशे मीटरला चौघांनाही धाप लागली. मी ओरडले, नंबर बंद, दम राखा, आपण दुसरे आहोत! चार नंबर माझ्या अगदी समोर बसतो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि आधीपेक्षा मोठ्यानं ‘चार!’ म्हणाला. मग मी ‘पाच’ म्हटलं, दुसरं काय म्हणणार! आम्ही वीतभरानं तिसरे आलो.

काका सायकल टाकून पाण्याच्या कडेपर्यंत आले आणि म्हणाले, हरलात, पण नंबर एकदाही चुकला नाही. चौघेही रडले. दोन नंबर रडताना बोललासुद्धा, पण काय ते कुणाला कळलं नाही.

तर असं सगळं छान चाललं आहे. रविवारी सकाळी आम्ही पोचतो. दोन महिन्यांनी काका निवृत्त होतील, तोवर कॉलेजात कुणाला काही कळणार नाही याची चौघांनी शपथ घेतली आहे. गुडघ्याला जप.

तुझी लाडकी,
पाच नंबर
(वाळू धरून पंचावन्न किलो)

ता. क. पत्र इथेच संपवणार होते. पण शर्यतीनंतर काकांचा कोट ओला होता, तो हीटरवर वाळत घालताना आतल्या खिशात एक पुठ्ठ्याचा तुकडा सापडला. तुझ्या अक्षरात. ‘१ – उंच, सारखा खातो. २ – बोलत नाही. ३ – फोटो काढतो. ४ – तापट, पण मनानं चांगला. ५ – आपली भाची. हिला काही विचारायला लाजू नका.’ म्हणजे तुला माहीत होतं. जिन्यात माझा हात धरलास तेव्हाही माहीत होतं, आणि मला सांगितलं नाहीस. मावशी, मला तुझा इतका राग आला की मी तो पुठ्ठा फेकणार होते. मग तू घरी एकटी बसून, आम्ही कोण कसे ते आठवून, काकांना वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहेस, असं डोळ्यांसमोर आलं. राग गेला. दुसरं काहीतरी आलं, ते अजून आहे.

ता. क. दुसरा. काकांनी तुझ्यासाठी स्कार्फ घेतला आहे. दुकानात अर्धा तास लावला. मग मला बाजूला बोलावून, खालच्या आवाजात म्हणाले, “आपल्या घरी त्या असतात ना, त्यांना निळा आवडेल का गं?” मी म्हटलं, आवडेल. म्हणाले, “फार करतात माझं. नाव विचारायचं राहून गेलं.”

ता. क. शेवटचा, आणि हे सगळं पत्र खरं तर यासाठी. तुझ्या यादीत तू नव्हतीस. स्वतःला कशाला लिहायचं, असं तुला वाटलं असेल. मी तुझ्या अक्षरासारखं अक्षर काढून खाली एक ओळ वाढवली आहे: ‘६ – घरी असते. निळा आवडतो.’ काकांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, म्हणजे या आपल्या बोटीतल्याच! तर रविवारी विमानतळावर तू कठड्यापाशी उभी राहा. आम्ही दारातून बाहेर आलो की काका ‘नंबर द्या’ म्हणतील आणि आम्ही पाचपर्यंत देऊ. मग लोक बघतील, हसतील, बघू देत. तू लाजू नकोस, आणि रडू नकोस, आवाज फाटतो. मोठ्यानं ‘सहा’ म्हण.